वाचकांचे प्रश्न : अवजड माल उचलणारी यंत्रे आणि त्यांच्याजवळ काम करणारी माणसे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कारखाने, गोदामे आणि बांधकामाच्या जागी माल उचलणाऱ्या यंत्रांमुळे होणाऱ्या दुखापतींविषयी आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि त्यांच्या कामाच्या जागा छापलेल्या नाहीत, कारण त्यांपैकी अनेक जण अजून तिथेच काम करत आहेत. काही पत्रे लांब होती. त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी फोर्कलिफ्ट चालवतो. यंत्राच्या पाटीवर क्षमता २००० किलो लिहिली आहे. नुकतीच मी १८०० किलोची एक लांब पेटी नेत होतो. वळणाआधी ब्रेक दाबला आणि मागची चाके जमिनीवरून सुटली. पेटी घसरून पुढे पडली. कोणाला लागले नाही. वजन मर्यादेत असताना असे का झाले? सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, मागे दोन माणसे बसवली की तोल राहील. तसे करावे का?

उत्तर : मागे माणसे बसवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. हा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो आणि त्यातूनच अत्यंत वाईट अपघात होतात. यंत्र आपटले की मागे बसलेला माणूस फेकला जातो आणि मागे घेताना तो चाकाखाली येऊ शकतो. शिवाय मागे वजन वाढवून पाटीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त माल उचलला, तर मास्ट (माल वर-खाली नेणारे उभे खांब), साखळ्या, फोर्क (मालाखाली जाणारे दोन दाते) आणि पुढचा आस यांवर त्यांच्यासाठी न ठरवलेला भार येतो. तो भार कुठे आणि केव्हा दगा देईल, ते बाहेरून दिसत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पाटीवर नुसते २००० किलो लिहिलेले नसते; त्याच्या शेजारी एक अंतरही दिलेले असते, बहुधा ५०० किंवा ६०० मिलिमीटर. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून किती दूर आहे, ते हे अंतर सांगते. फोर्कलिफ्टचा तोल पुढच्या आसाभोवती सांभाळला जातो. पुढे माल आणि मागे यंत्राचे स्वतःचे वजन अशी ती मांडणी असते, आणि माल पुढच्या आसापासून जितका दूर जाईल तितके त्याच वजनाचे यंत्राला पुढे उलटवण्याचे बळ वाढते.

आपल्या यंत्रात पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिलिमीटर अंतर आहे आणि पाटीवरचे अंतर ५०० मिलिमीटर आहे, असे उदाहरणापुरते धरू. मग २००० किलो माल आसापासून ९५० मिलिमीटरवर आहे. आपली पेटी १.६ मीटर लांब असेल आणि तिच्यातले वजन सारखे पसरलेले असेल, तर तिचा मध्य फोर्कच्या पाठीपासून ८०० मिलिमीटरवर, म्हणजे आसापासून १२५० मिलिमीटरवर येतो. तितक्याच उलटवणाऱ्या बळाच्या हिशेबाने तिथे फक्त १५२० किलो चालतील. आपण १८०० किलो उचलले होते. संथ गतीत यंत्राने ते कसेबसे सोसले, पण ब्रेक दाबताच मालाचा पुढचा झोक त्यात मिसळला आणि मागची चाके सुटली. हा हिशेब समजण्यासाठी आहे. प्रत्यक्षात निर्मात्याने दिलेला तक्ताच प्रमाण मानावा. उंची वाढली, मास्ट पुढे झुकवला किंवा फोर्कवर एखादी जोडणी बसवली, तरी क्षमता घटते आणि त्यासाठी वेगळी पाटी असावी लागते.

मागची चाके जमिनीवर असली तरी ती हलकी झालेली असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे ती चाके हलकी झाली की स्टिअरिंगला प्रतिसाद मिळेनासा होतो. माल उचलल्यावर स्टिअरिंग अचानक सैल वाटू लागले, तर माल तिथेच सावकाश खाली ठेवावा.

आपण विचारलेले नाही, तरी कुशीवर उलटण्याविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण चालकांचे मृत्यू बहुतांशी त्यातच होतात. पुढची दोन चाके जमिनीला टेकतात ते दोन बिंदू आणि मागच्या आसाची मधली खीळ असा एक त्रिकोण कल्पावा. यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणावर असेपर्यंत यंत्र उभे राहते. रिकाम्या फोर्कलिफ्टचा गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे असतो, म्हणून वेगात वळताना रिकामे यंत्रही सहज कुशीवर जाते. अशा वेळी उडी मारण्याची इच्छा अनावर होते आणि नेमकी तीच जीवघेणी ठरते, कारण माणूस यंत्र ज्या बाजूला पडत असते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरच्या संरक्षक छताची चौकट त्याच्या अंगावर येते. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये पट्टा बांधलेला असावा. यंत्र कलंडू लागल्यास स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. मागून चढून उभ्याने चालवायच्या यंत्रात मात्र मागच्या बाजूने बाहेर पाऊल टाकायला शिकवतात. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे आणि निर्मात्याची सूचना काय आहे, हे चालवण्याआधीच ठाऊक हवे.

प्रश्न : आमच्या गोदामात मालाची नोंद करणाऱ्या एका कर्मचाऱ्याला मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टची धडक बसली आणि त्याची मांडी मोडली. त्यानंतर व्यवस्थापनाने सर्वांना चकाकणारी जाकिटे दिली, यंत्रांना मोठ्या आवाजाचे भोंगे बसवले आणि ‘सावध राहा’ असे फलक लावले. सुरक्षेचे काम माझ्याकडे आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. आपण केलेल्या तिन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्या तिन्हींमध्ये माणूस आणि यंत्र एकाच जागेत राहतात आणि टक्कर टाळण्याचे सगळे ओझे त्या क्षणी कोणाचे तरी लक्ष असण्यावर पडते.

भोंग्याचेच पाहा. दिवसभर चार-पाच यंत्रे मागेपुढे होत असतील तर भोंगा सतत वाजत राहतो आणि काही दिवसांत कानांना त्याची सवय होते. बंद जागेत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. एकाच उंच सुराच्या भोंग्यापेक्षा अनेक पट्ट्यांचे मिश्रण असलेला फरफरता आवाज दिशा ओळखायला सोपा असतो. बदलायचाच असेल तर तसा बदला. पण कानांना बोळे लावलेल्या, हातातल्या यादीत गुंतलेल्या माणसाचा जीव भोंग्यावर सोडू नका.

चालकाच्या बाजूनेही पाहू. मास्टचे खांब, साखळ्या, पुढचा माल आणि छताचे खांब यांच्यामुळे त्याच्या नजरेचे तुकडे पडतात. चालकाच्या आसनावर बसून, एका माणसाला यंत्राभोवती हळूहळू फिरायला सांगा आणि तो जिथे जिथे दिसेनासा होतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा. हे अर्ध्या तासाचे काम आहे. यंत्र बंद ठेवून आणि किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन ते करावे. त्या खुणा पाहिल्यावर ‘चालकाने बघायला हवे होते’ हे वाक्य कोणी सहजपणे उच्चारणार नाही, असे मला मनापासून वाटते. मोठ्या व्हील लोडरच्या, म्हणजे पुढच्या बकेटने माती-खडी उचलणाऱ्या चाकांच्या यंत्राच्या, बाबतीत तर मागे आणि बकेटपुढे उभा माणूस पूर्ण झाकला जातो.

गतीचाही विचार करा. ताशी १० किलोमीटर हा वेग ऐकायला मामुली आहे, पण त्या वेगाने यंत्र सेकंदाला सुमारे २.८ मीटर जाते. चालकाने माणूस पाहिल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्यानंतर ब्रेक आपले काम सुरू करतो. मालासह काही टन वजनाचे यंत्र ओल्या किंवा तेलकट फरशीवर थांबायला आणखी अंतर घेते. शिवाय जोरात ब्रेक मारला तर माल घसरण्याची भीती असल्याने अनुभवी चालकही कचरतो. रॅकच्या आडून माणूस दोन मीटरवर अचानक समोर आला, तर त्या क्षणी चालकाच्या हातात फारसे काही उरलेले नसते.

म्हणून आधी वेगळेपणा आणावा लागतो. माणसांचा रस्ता आणि यंत्रांचा रस्ता वेगळे असावेत आणि त्यांच्यामध्ये धक्का सोसणारा कठडा असावा. पिवळी रेघ यंत्राला अडवत नाही. माणसांचे दार यंत्रांच्या मोठ्या दाराला चिकटून असेल, तर माणसे जवळचाच रस्ता घेतील, मग कितीही ताकीद द्या. यंत्रांचे मार्ग एकेरी केले आणि मोकळ्या जागेत वळसा घेऊन परतण्याची सोय ठेवली, तर मागे घेण्याची वेळच कमी येते, आणि मागे घेणे जितके कमी होईल तितका धोका थेट घटतो. ओलांडण्याच्या जागा मोजक्या, उजेडाच्या आणि रॅकच्या टोकापासून दूर असाव्यात. समोरचा रस्ता मालाने झाकला असेल, तर चालकाने यंत्र उलट्या दिशेने, मान वळवून, संथ चालवावे. चढावर मात्र भरलेले यंत्र माल वरच्या बाजूला ठेवूनच न्यायचे असते, म्हणून तिथे वाट दाखवणारा माणूस लागतो. त्या माणसाने चालकाला सतत दिसेल अशा जागी उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचे, हा नियम दोघांनाही पाठ हवा.

ज्या कर्मचाऱ्याला धडक बसली, त्याला तिथे का जावे लागले, हा प्रश्न आपल्या पत्रात नाही. मालाची नोंद यंत्रे चालू असतानाच करावी लागते का? ती कामाच्या सुरुवातीला किंवा यंत्रे थांबवून ठरलेल्या वेळात करता येईल का? खोक्यावरचा क्रमांक कठड्याबाहेरून वाचता येईल असा लावता येईल का? अनेकदा उत्तर इतके साधे असते की, ते आधी का सुचले नाही याची हळहळ वाटते. आणि चालकांना फेऱ्यांच्या संख्येवर जादा पैसे मिळत असतील, तर वेगमर्यादेचा फलक तुम्ही लावला आहे, पण वेगाचे बक्षीसही तुम्हीच देत आहात, हे व्यवस्थापनाला स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

प्रशिक्षणाबद्दल एक नोंद. अमेरिकेच्या नियमांनुसार फोर्कलिफ्टचालकाच्या कामाचे मूल्यमापन किमान दर ३ वर्षांनी करावे लागते, आणि अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तरी त्याला पुन्हा शिकवावे लागते. थोडक्यात टळलेला प्रसंग तिथे अपघाताच्याच पंक्तीला बसवला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या गोदामात अशा प्रसंगांची वही आहे का? असल्यास, त्यात लिहिणाऱ्याला ओरडा बसतो की त्याचे आभार मानले जातात, यावर ती भरेल की कोरी राहील हे ठरेल.

प्रश्न : माल चढवण्याच्या धक्क्यावर फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरत असताना ट्रेलर पुढे सरकला आणि यंत्राचे पुढचे चाक मधल्या फटीत गेले. ट्रेलरचा हँडब्रेक लावलेला होता. मग तो सरकला कसा?

उत्तर : फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक लावते, तेव्हा तिचा जोर ट्रेलरला पुढे ढकलतो. प्रत्येक फेरीला थोडे थोडे सरकत पन्नासाव्या फेरीला पूल-पट्टीचा, म्हणजे धक्का आणि ट्रेलर यांमधली फट झाकणाऱ्या पट्टीचा, आधार सुटतो. म्हणून हँडब्रेकच्या जोडीला चाकांना अडसर लावावेत, आणि शक्य असेल तिथे धक्क्याला पकड बसवून ट्रेलर तिच्यात अडकवावा. दुसरे कारण त्याहून घातक आहे : काम संपले असे समजून वाहनचालक गाडी हलवतो. त्यावर सर्वांत भरवशाचा उपाय हा की, माल चढवण्यापूर्वी वाहनाची किल्ली धक्क्यावरच्या माणसाच्या ताब्यात द्यावी आणि फोर्कलिफ्ट बाहेर येऊन दार बंद झाल्यावरच ती परत करावी. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीपासून सुटा उभा असेल, तर त्याच्या पुढच्या टोकाखाली स्वतंत्र आधार हवा, नाहीतर यंत्र पुढच्या भागात गेल्यावर तो नाकावर झुकू शकतो.

प्रश्न : ३ टनांचे यंत्र क्रेनने उचलताना आम्ही प्रत्येकी २ टन क्षमतेचे दोन पट्टे वापरले. एकूण क्षमता ४ टन होती. तरीही एक पट्टा तुटला. पट्टा खराब होता असा निष्कर्ष काढण्यात आला. तो योग्य आहे का?

उत्तर : पट्टा खराब असू शकतो, पण त्याआधी पट्ट्याचा कोन विचारा. पट्टे हुकपासून दोन बाजूंना तिरके गेले की प्रत्येकावरचा ताण अर्ध्या वजनापेक्षा जास्त असतो. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर ताण सुमारे १.१५ पट, ४५ अंशांना १.४१ पट आणि ३० अंशांना बरोबर दुप्पट होतो. आपल्या मालाचे अर्धे वजन १.५ टन. ६० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर सुमारे १.७३ टन आले असते आणि काम निभावले असते. ४५ अंशांना ते २.१२ टन होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. ३० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ३ टन येतात. पट्टे आखूड होते म्हणून हुक खाली ठेवावा लागला असेल, तर कोन पसरट झाला असणार. अशा वेळी लांब पट्टे घ्यावेत किंवा हुक आणि माल यांच्यामध्ये आडवी तुळई लावावी, म्हणजे पट्टे मालापर्यंत सरळ उभे जातील. पसरट कोनात उचलण्याच्या कड्यांवरही आडवा ओढा येतो, आणि साधे आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) सरळ वर ओढण्यासाठी केलेले असल्याने तिरक्या ओढीला ते फारच कमी पडतात.

तुटलेला पट्टा जपून ठेवा आणि तो कुठे तुटला ते पाहा. मालाच्या धारदार कडेवर तुटला असेल, तर कडेला गादी किंवा कोपरा-संरक्षक लावला होता का, हा पुढचा प्रश्न. ताणलेला कापडी पट्टा धारेवर थोडा जरी सरकला, तरी क्षणात कापला जातो. गुरुत्वमध्य एका बाजूला असेल, तर एका पट्ट्यावर जास्त वजन आलेले असते. चार पट्टे लावले म्हणून वजन चौघांत सारखे वाटले जाते, असेही धरू नका. कडक मालात ते बरेचदा समोरासमोरच्या दोघांवरच येते.

माणसांना लागते ते मात्र बहुधा याच्याही आधी किंवा नंतर. पट्टा ताणला जात असताना बोटे पट्टा आणि माल यांच्यामध्ये राहतात, किंवा हुक मालाच्या बरोबर वर नसल्याने माल उचलताक्षणी बाजूला झेपावतो आणि माणूस भिंतीशी दाबला जातो. पट्टा हाताने धरून ठेवायचा असेल तर उघड्या तळव्याने बाहेरून दाबावा, मूठ वळू नये. माल इंचभर उचलून थांबावे, तोल पाहावा, मगच पुढे उचलावा. लटकता माल हाताने आवरू नये. त्याला दोरी बांधून लांबून वळवावा, आणि ती दोरी मनगटाला गुंडाळू नये. मालाखाली कोणीही जायचे नाही, याला ‘फक्त एक मिनिट’ हा अपवाद नसतो.

प्रश्न : लोडरचे हात वर करून मी त्याखाली दुरुस्तीचे काम करतो. इंजिन बंद असते. तरी धोका आहे का? शिवाय परवा नळीतून बारीक गळती होती, ती बोटाने तपासताना टाचणी टोचल्यासारखे झाले. आता काही दुखत नाही.

उत्तर : दुसऱ्या गोष्टीचे उत्तर तातडीचे आहे. हात पूर्ण बरा वाटत असला तरी आजच शल्यचिकित्सकाला दाखवा आणि ‘उच्च दाबाचे हायड्रॉलिक तेल शिरले असावे’ हे शब्द तसेच सांगा. अशा यंत्रांत दाब २०० बारपेक्षाही जास्त असू शकतो. मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे २ ते २.५ बार असतो. त्या दाबाने बारीक छिद्रातून आलेले तेल कातडी भेदून स्नायूंच्या आवरणांमधून दूरवर पसरते. सुरुवातीला जखम टाचणीएवढी दिसते आणि वेदना अगदी कमी असते, म्हणून डॉक्टरही कधीकधी मलमपट्टी करून घरी पाठवतात. नंतर बोट सुजते, काळे पडते आणि कापावे लागू शकते. उपचार शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात गेलेला प्रत्येक तास नुकसान वाढवतो. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा लांबून धरावा, डोळ्यांना संरक्षण असावे आणि नळी घट्ट करण्यापूर्वी दाब उतरवावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : होय, धोका आहे. इंजिन बंद असले तरी वर उचललेले हात केवळ तेलाच्या बळावर उभे असतात. नळी फुटली, सील गेले किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला की ते खाली येतात. निर्मात्याने दिलेला लोखंडी आधार सिलिंडरवर बसवल्याशिवाय खाली जाऊ नका. लाकडी ठोकळा किंवा दुसऱ्या यंत्राचा टेकू हा आधार नव्हे. मध्ये वाकणाऱ्या लोडरच्या सांध्यात काम असेल, तर सांधा रोखणारा दांडा आधी लावा, कारण तिथे माणूस उभा राहील एवढी जागा स्टिअरिंग वळताच नाहीशी होते. किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीचा स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावा.

प्रश्न : आमच्या तुकडीत माझ्याकडे प्रथमोपचाराची जबाबदारी आहे. मालाखाली किंवा यंत्राखाली कोणी सापडल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करावे? एका सहकाऱ्याचा पाय दाबला गेला होता; हाड मोडले नाही म्हणून त्याला घरी पाठवले आणि रात्री त्याचा पाय वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. असे का होते?

उत्तर : धावत जाण्याआधी यंत्र बंद करा आणि ते हलणार नाही याची खात्री करा. घाईत यंत्र मागे घेतल्याने तोच माणूस दुसऱ्यांदा चिरडल्याच्या घटना घडतात. रुग्णवाहिका बोलावण्याचे काम एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून सोपवा. रक्त वाहत असेल तर जोरात, थेट दाब द्या. हातापायातून धार लागली असेल आणि दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. पाठीला किंवा मानेला मार असल्यास, आग किंवा माल कोसळण्यासारखा दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नका. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.

माणूस नुकताच दाबला गेला असेल आणि वजन सुरक्षितपणे काढता येत असेल, तर ते लगेच काढावे. तासाभरापेक्षा जास्त वेळ मांडीसारखा मोठा भाग दाबलेला असेल, तर मात्र वैद्यकीय पथक येईपर्यंत त्यांच्याशी फोनवर बोलत राहावे आणि त्यांच्या सल्ल्याने पुढे जावे. दाबलेल्या स्नायूंत साठलेले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतले एक प्रथिन) वजन उचलताच रक्तात मिसळतात. पहिल्याने हृदय थांबू शकते, दुसऱ्याने मूत्रपिंडे निकामी होतात. लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली माणसे काही दिवसांनी दगावत होती, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत झाले ते वेगळे, पण त्याच कुळातले असावे. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. मार लागल्यावर आत सूज किंवा रक्तस्राव वाढला की कप्प्यातला दाब वाढतो, आणि स्नायूंचा रक्तपुरवठा बंद होतो. हाड शाबूत असतानाही हे घडते. सुमारे ६ तासांत स्नायूंचे कायमचे नुकसान होऊ शकते. ओळखण्याची खूण अशी की, जखम दिसते त्या मानाने वेदना फारच जास्त असते, औषधाने ती हटत नाही, पायाची बोटे कोणी हलकेच ताणली तरी ती असह्य होते आणि पोटरी लाकडासारखी कडक लागते. मुंग्या येणे आणि बधिरपणा त्यानंतर येतो. घोट्याशी नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा पायावर घट्ट पट्टी बांधू नका, तो चोळू नका, शेकू नका आणि हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलू नका. ज्याचा पाय दाबला गेला आहे त्याला रात्री एकटे घरी पाठवू नये, आणि वरील खुणा त्याच्या घरच्यांनाही सांगून ठेवाव्यात. तुकडीतल्या प्रत्येकाला आपण हा एवढा परिच्छेद वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ माल चढवण्याच्या कामावर मदतनीस आहे. क्रेनवरून सुटलेल्या मालाने त्याचे पाऊल गेले. चौकशीचा कागद एका पानाचा आहे आणि त्यात ‘मदतनीसाचा निष्काळजीपणा’ एवढेच कारण दिले आहे. त्या दिवशी त्याने तिथे उभे राहायला नको म्हटले होते, पण सुपरवायझरने ऐकले नाही. आता आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या भावाच्या दुखापतीबद्दल मनापासून वाईट वाटले. तो त्या क्षणी तिथे उभा होता, एवढ्यावर थांबणारी चौकशी अर्धवट आहे. त्याला तिथे कोणी उभे केले, त्या जागी माणसाची गरज का होती, दोरी दिली होती का, माल बांधण्याचे ठरवले कोणी, हुकमधून पट्टा निसटू न देणारी कुलूपपट्टी शाबूत होती का, क्रेनची आणि पट्ट्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, त्या दिवशी माणसे कमी होती का, असाच माल याआधी कधी घसरला होता का, हे सगळे प्रश्न त्या पानावर असायला हवे होते. ते लेखी विचारा.

त्याने नकार दिला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ नुसार, जिवाला किंवा आरोग्याला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर कामावरून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. असा धोका त्याने वरिष्ठांना कळवल्यावर, आवश्यक असल्यास उपाय होईपर्यंत त्याला त्या जागी परत जायला लावता येत नाही. २०२२ मध्ये याच संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळाला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. प्रत्यक्ष दावा मात्र आपल्या देशाच्या कायद्याने चालतो, म्हणून कामगार संघटनेचा किंवा कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला लवकर घ्या, कारण दाव्यांना मुदत असते. बहुतेक देशांत कामावरील दुखापतीची ठरलेली भरपाई मिळवण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराच्या साध्या बेसावधपणाने तो हक्क सहसा जात नाही. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वाचून आपण खचून जाऊ नये, म्हणून हे सांगत आहे.

आता लगेच करण्याच्या गोष्टी. दुखापत कामावर आणि कशी झाली, हे रुग्णालयाच्या कागदांत नोंदवले आहे का ते तपासा. नसेल तर नोंदवून घ्या. तुटलेला पट्टा, हुक किंवा कडी फेकून देऊ नये, अशी लेखी मागणी आजच करा. जागेची छायाचित्रे कोणाकडे असतील तर त्यांची प्रत घ्या. जवळ असलेल्या सहकाऱ्यांनी काय पाहिले ते तारखेसह लिहून ठेवायला सांगा, आणि त्यांच्यावर दबाव येणार नाही अशा पद्धतीने सांगा. भावाला बोलण्याइतके बरे वाटू लागले की, त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. सुपरवायझरला तो नेमके काय म्हणाला आणि तेव्हा कोण ऐकत होते, हे त्यात यायला हवे. कोणीही आणलेल्या जबाबावर त्याने पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, आणि जे म्हटले नाही ते त्यात असेल तर ते खोडून, शेजारी तारीख घालूनच सही करावी.